रक्ताच्या थेंबातून यकृताची पारख

मराठीत आपण 'काळीज' हा शब्द मायेसाठी वापरतो, धैर्यासाठी वापरतो आणि दुःखासाठीही वापरतो. काळीज तुटतं, काळीज धडधडतं, कुणाचं काळीज वाघाचं असतं. बोलताना आपल्या मनात हृदय असतं, पण मुळात हा शब्द यकृताचा आहे. हृदय आणि यकृत यांची अशी सरमिसळ फक्त भाषेतच झाली असं नाही. आज आपल्यापैकी बहुतेकांच्या फाइलमध्ये एसजीओटी आणि एसजीपीटी या नावांच्या ज्या रक्ततपासण्या असतात, त्यांचा जन्मही हृदयविकाराच्या शोधात झाला. यकृताकडे त्या नंतर वळल्या.

हा इतिहास सांगायला एक कारण आहे. मी राज्य शासनाच्या आरोग्य विभागात प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. त्यामुळे मंडळाच्या कार्यक्रमात, हळदीकुंकवाच्या दारात, कधी आरतीनंतर प्रसाद घेताना लोक मला मोबाइलवर रिपोर्ट दाखवतात. गेल्या काही वर्षांत एकच प्रश्न फार वेळा येतो : "सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड वन लिहिलंय, पण एसजीपीटी नॉर्मल आहे. म्हणजे काळजीचं काही नाही ना?" मी डॉक्टर नाही, उपचार सांगणं माझं काम नाही. पण ही तपासणी काय मोजते आणि काय मोजत नाही, हे सांगणं माझ्या पदविकेच्या हद्दीत बसतं. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

डोळ्यांनी पाहण्यापासून रंगापर्यंत

यकृताचं महत्त्व आपल्याकडे फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. रक्त वाहून नेणाऱ्या स्रोतसांचं मूळ यकृत आणि प्लीहा, असं चरकसंहितेत सांगितलं आहे. जुने वैद्य उजव्या बरगडीखाली हात ठेवून यकृत वाढलं आहे का ते पाहत, डोळ्यांचा आणि मूत्राचा पिवळेपणा पाहत. लंडनचे थॉमस ॲडिसन यांनी १८३६ मध्ये दारू पिणाऱ्यांच्या यकृतात साठलेल्या चरबीचं वर्णन केलं. पण ते सगळं मृत्यूनंतरचं ज्ञान होतं. जिवंत माणसाच्या यकृतात काय चाललं आहे, हे कळण्याचा मार्ग नव्हता.

पहिला मार्ग सुईचा. १८८३ मध्ये जर्मनीत पॉल एर्लिख यांनी सुईने यकृताचा तुकडा काढून तपासला. दुसरा मार्ग रंगाचा. एर्लिख यांच्याच डायझो अभिक्रियेचा आधार घेऊन हॉलंडचे हायमन्स व्हॅन डेन बर्ग यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास रक्तातलं बिलिरुबिन मोजण्याची पद्धत बसवली. कावीळ आता नुसती दिसत नव्हती, मोजताही येत होती. आज आपल्या रिपोर्टवर 'डायरेक्ट' आणि 'इनडायरेक्ट' बिलिरुबिन असे जे दोन आकडे येतात, ते या पद्धतीतूनच आले.

पण बिलिरुबिन वाढेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो. यकृत हा मुकाट्याने काम करणारा अवयव आहे. घरातल्या एखाद्या थोरल्या काकूंसारखा, दुखलं तरी सांगत नाही.

हृदयाच्या शोधात सापडलेलं यकृत

१९३७ मध्ये मॉस्कोत ब्राउनस्टाइन आणि क्रिट्झमान यांनी प्राण्यांच्या पेशींमधली एक रासायनिक क्रिया दाखवून दिली. एका अमिनो आम्लाचा अमिनो गट काढून दुसरीकडे बसवण्याची ही क्रिया. ती घडवणाऱ्या विकरांना ट्रान्सअमिनेज म्हणतात. पुढची सतरा-अठरा वर्षं हा विषय मुख्यतः जीवरसायनाच्या अभ्यासकांपुरता राहिला.

१९५४-५५ मध्ये न्यूयॉर्कला आर्थर कार्मेन, फेलिक्स व्रोब्लेव्स्की आणि जॉन लाड्यू यांनी हे विकर माणसाच्या रक्तात मोजून दाखवलं. ते हृदयविकाराच्या झटक्याची खूण शोधत होते. हृदयाचा स्नायू मेला की त्यातलं विकर रक्तात सांडतं, आणि पुढच्या काही तासांत आकडा वर जातो. मात्र तपासता तपासता असं दिसलं की, यकृताला सूज आलेल्या रुग्णांत हा आकडा त्याहूनही कितीतरी वर जातो. त्याच सुमारास इटलीत नेपल्स इथे फेर्नान्दो दे रितिस आणि त्यांचे सहकारी विषाणूजन्य कावीळीच्या रुग्णांत हेच पाहत होते. एसजीओटी हृदय, स्नायू आणि यकृत तिन्हीकडे असतं. एसजीपीटी मुख्यतः यकृतात असतं, म्हणून ती यकृताची तपासणी ठरली. या दोन आकड्यांच्या गुणोत्तराला आजही दे रितिस यांचं नाव आहे.

तपासणी गावोगाव पोचली ती मात्र १९५७ मध्ये राइटमन आणि फ्रँकेल यांनी दिलेल्या सोप्या पद्धतीमुळे. तिला महागडं यंत्र लागत नव्हतं. ३७ अंशांवर पाण्याचं भांडं, दोन रसायनं, शेवटी सोडियम हायड्रॉक्साइड घालायचं आणि तपकिरी रंग किती गडद आला ते कलरीमीटरवर वाचायचं. एसजीपीटीला अर्धा तास, एसजीओटीला एक तास. माझ्या आधीच्या पिढीतल्या तंत्रज्ञांनी ही तपासणी हजारो वेळा हाताने केली आहे. आता यंत्र काही मिनिटांत आकडा छापून देतं. आंतरराष्ट्रीय नावंही बदलून एएसटी आणि एएलटी झाली, पण आपल्या तोंडी जुनीच नावं राहिली.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. हे विकर म्हणजे फुटलेल्या पेशीतून सांडलेला माल आहे. स्वयंपाकघरात भांडं पडलं की आवाज येतो. आवाजावरून आत्ता किती पडलं ते कळतं, पण गेल्या वीस वर्षांत घरातली किती भांडी फुटली ते त्या आवाजावरून सांगता येत नाही. फॅटी लिव्हरमध्ये खरा धोका त्या वीस वर्षांच्या हिशेबाचा असतो. चरबी, मग सूज, मग व्रण, मग व्रणांच्या जागी तंतूंचं जाळं आणि शेवटी सिरोसिस. सगळेच रुग्ण या वाटेने शेवटपर्यंत जात नाहीत, बहुतेक पहिल्या पायरीवरच राहतात. पण जे पुढे जातात, त्यांच्यातल्या अनेकांचं एसजीपीटी नॉर्मल असू शकतं. व्रण खूप वाढल्यावर तर फुटायला पेशीच कमी उरतात आणि आकडा उलट खाली येतो.

'तुम्ही नक्की पीत नाही ना?'

फॅटी लिव्हर म्हणजे दारू, हे समीकरण वैद्यकशास्त्रातही दीर्घकाळ होतं. १९८० मध्ये अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये युर्गेन लुडविग आणि सहकाऱ्यांनी २० रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. यकृताचे तुकडे हुबेहूब दारुड्याच्या यकृतासारखे, पण दारूचा इतिहास नाही. बहुतेक जण स्थूल, कित्येकांना मधुमेह. या आजाराला तोवर नावच नव्हतं. त्यांनी 'नॅश', म्हणजे मद्याशिवाय होणारा चरबीयुक्त यकृतदाह, हे नाव दिलं.

या नावाने किती घरांची अब्रू राखली असेल, याचा मी कधी कधी विचार करतो. माझ्या नात्यातल्या एका काकांनी आयुष्यात दारूला हात लावला नाही. सोवळ्यात पूजा करणारा माणूस. पोटात पाणी झालं, सिरोसिस निघाला, आणि तेराव्यालाही लोक कुजबुजत होते की, "बाहेर काहीतरी असणार." काकू ते ऐकून होत्या. आजार गेला काकांना घेऊन, संशय मात्र घरात राहिला. २०२३ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी या आजाराचं नाव पुन्हा बदललं. त्यात आता 'मद्य' हा शब्द नाही, चयापचयाचा बिघाड हा शब्द आहे. इंग्रजी आद्याक्षरांनी त्याला 'एमएएसएलडी' म्हणतात. काकूंना हे समजावून सांगता आलं याचं मला समाधान आहे.

पुण्याने दिलेले दोन धडे

या विषयात आपल्या मराठी मुलखाने जगाला दोन मोठ्या गोष्टी दिल्या आहेत.

पहिली गोष्ट पितळी भांड्याची. पूर्वी आपल्याकडे सहा महिन्यांपासून चार-पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना यकृताचा एक भयंकर आजार होई. पोट फुगे, यकृत दगडासारखं कडक होई आणि बहुतेक मुलं दगावत. 'इंडियन चाइल्डहुड सिरोसिस' अशी त्याची जगात ओळख होती. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी इंग्लंडच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासोबत त्याचा छडा लावला. १९७९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये या मुलांच्या यकृतात तांब्याचं प्रमाण फार वाढल्याचं प्रसिद्ध झालं. १९८३ च्या लेखात त्याचं संभाव्य कारण पुढे आलं : तान्ह्या वयात दिलेलं, तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवलेलं किंवा ठेवलेलं वरचं दूध. कल्हई उडालेल्या भांड्यातलं तांबं दुधात उतरत होतं. भांडी बदलली, स्टील आलं, आणि आजार झपाट्याने ओसरला. वेळेत सापडलेल्या मुलांना तांबं बाहेर काढणाऱ्या औषधाचाही उपयोग झाला. रक्त आणि तुकडा तपासून आजाराची खूण मिळाली, पण कारण सापडलं ते आयांना 'दूध कशात तापवता?' हे विचारल्यावर.

दुसरी गोष्टही पुण्याच्या केईएम रुग्णालयाशीच जोडलेली आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआय दोघांचाही २२.३, म्हणजे दोघेही कागदावर सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून याला 'वाय-वाय विरोधाभास' म्हणतात. आपल्या लोकांत हातपाय बारीक आणि पोट पुढे, हा बांधा फार दिसतो. चरबी कातडीखाली बसण्याऐवजी पोटात आणि यकृतात जाते. म्हणून 'मी काही जाड नाही' हा दिलासा आपल्यासाठी पुरेसा नाही. म्हणूनच आपल्या लोकांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांना ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांना ८० सेंटीमीटर अशी कमी धरतात. लंबोदराची पूजा जरूर करावी, पण तुंदिलतनु होण्याचा हक्क फक्त त्याचाच.

सावलीवरून सूर्य

आता मूळ प्रश्न. चरबी आहे हे सोनोग्राफीने कळलं. व्रण किती, हे कसं कळणार? फार काळ उत्तर एकच होतं, बायोप्सी. १९५८ मध्ये इटलीच्या मेंगिनी यांच्या सुईने ती झटपट झाली खरी, पण ती दुखते, थोडा धोका असतो, आणि तो तुकडा सबंध यकृताच्या साधारण पन्नास हजाराव्या भागाएवढाच असतो. शिवाय दर तिघा-चौघांत एकाला असणाऱ्या आजारासाठी सगळ्यांना सुई टोचणं शक्यच नाही.

आपल्या उज्जैनकरांना एक दाखला जवळचा वाटेल. क्षिप्रेकाठची आपली वेधशाळा सवाई जयसिंहांनी बांधली. पुढे ती मोडकळीला आली आणि गोविंद सदाशिव आपटे यांच्या खटपटीमुळे माधवराव शिंदे महाराजांनी १९२३ मध्ये तिचा जीर्णोद्धार केला. तिथे सूर्याकडे कोणी टक लावून पाहत नाही. सावली कुठे पडली ते पाहतात आणि त्यावरून वेळ सांगतात. गेल्या पंचवीस वर्षांत यकृताच्या बाबतीत हेच झालं. व्रण न पाहता त्याची रक्तात पडलेली सावली वाचायची.

२००१ मध्ये फ्रान्समध्ये पाच रक्तघटकांवरून व्रणांचा अंदाज देणारी 'फायब्रोटेस्ट' पद्धत आली. २००३ मध्ये अमेरिकेत एसजीओटी आणि प्लेटलेट या दोनच आकड्यांचा 'आप्री' निर्देशांक आला. २००६ मध्ये 'फिब-४' आला. तो मुळात एचआयव्ही आणि हिपॅटायटिस-सी एकत्र असलेल्या रुग्णांसाठी काढला होता, पुढे फॅटी लिव्हरलाही तो लागू पडला. २००७ मध्ये पॉल अँगुलो आणि सहकाऱ्यांनी ७३३ रुग्णांवरून खास फॅटी लिव्हरसाठी सूत्र दिलं. त्यात वय, बीएमआय, साखर, प्लेटलेट, अल्ब्युमिन आणि दे रितिस यांचं जुनं गुणोत्तर धरलं जातं. व्रण बनताना तयार होणारी द्रव्यंच थेट मोजणारी 'ईएलएफ' नावाची तपासणीही आहे, तिला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ मध्ये मान्यता दिली. ती महाग आहे. आपल्या कामाची आहे ती फिब-४, कारण तिला वेगळं रक्त लागत नाही. नेहमीच्या सीबीसी आणि लिव्हर फंक्शन टेस्टमध्येच तिचे आकडे असतात.

हिशेब असा. वयाला एसजीओटीने गुणा. प्लेटलेटचा हजारांतला आकडा घ्या, म्हणजे १ लाख ८० हजार असतील तर १८०, आणि त्याला एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणा. पहिल्या गुणाकाराला दुसऱ्याने भागा. समजा वय ५२, एसजीओटी ४८, एसजीपीटी ६४, प्लेटलेट १ लाख ८० हजार. वर २४९६, खाली १८० गुणिले ८ म्हणजे १४४०. उत्तर १.७३. फॅटी लिव्हरमध्ये १.३ च्या खाली असेल तर गंभीर व्रणाची शक्यता कमी. २.६७ च्या वर असेल तर शक्यता बरीच. मधे असेल तर फायब्रोस्कॅनसारखी पुढची तपासणी करून घ्यावी.

आता दुसरं उदाहरण घ्या. वय ६०, एसजीओटी ४५, एसजीपीटी ३६, प्लेटलेट १ लाख २० हजार. एसजीपीटी नॉर्मल, एसजीओटी जेमतेम वर, प्लेटलेट 'थोडे कमी'. अशा रिपोर्टकडे कोणी दोनदा पाहणार नाही. हिशेब करा : वर २७००, खाली ७२०, उत्तर ३.७५. हा माणूस यकृततज्ज्ञांकडे जायला हवा.

हे सूत्र चालतं कसं? व्रणांमुळे यकृत कडक झालं की त्यातून जाणाऱ्या रक्ताला अडथळा होतो. दाब मागे वाढतो, पाणथरी फुगते आणि प्लेटलेट तिथे अडकतात. प्लेटलेट तयार करायला सांगणारं संप्रेरकही मुख्यतः यकृतच बनवतं, तेही कमी पडतं. म्हणून प्लेटलेट घटतात. त्याच वेळी एसजीपीटीच्या मानाने एसजीओटी वर राहतं. आणि वय म्हणजे आजाराला मिळालेला काळ. चार साधे आकडे मिळून ती सावली पडते.

सावली फसवूही शकते, हेही सांगायला हवं. डेंग्यूत प्लेटलेट पडतात आणि एसजीओटी चढतं, त्या दिवसांत फिब-४ काढू नये. भाद्रपदात तर मुळीच गफलत करू नये, ताप जाऊन काही आठवडे झाल्यावर काढावा. कधी नळीत प्लेटलेटच्या गुठळ्या होतात आणि यंत्र कमी आकडा दाखवतं. अचानक कमी आलेला आकडा काचपट्टीवर पाहून खात्री करून घ्या असं प्रयोगशाळेला जरूर सांगा. ३५ वर्षांखाली हे सूत्र भरवशाचं नाही. ६५ च्या पुढे १.३ ऐवजी २ ही खालची मर्यादा धरतात.

आपल्या दारापर्यंत

भारत सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये फॅटी लिव्हरचा समावेश असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. त्या वेळी देशातलं प्रमाण ९ ते ३२ टक्के सांगितलं गेलं होतं. आपल्या मध्य प्रदेशात २०२५ मध्ये 'निरोगी काया अभियान' झालं, त्यात रक्तदाब आणि मधुमेहासोबत फॅटी लिव्हरचीही तपासणी धरली होती, आणि त्याच वर्षी 'स्वस्थ यकृत मिशन' सुरू झालं. घरी आशाताई टेप घेऊन कमर मोजायला आल्या, तर हसून परत पाठवू नका. त्या टेपमागे वाय-वाय विरोधाभासाचा सगळा अभ्यास उभा आहे.

औषधंही येत आहेत. २०२४ मध्ये अमेरिकेत या आजारासाठी पहिलं औषध मंजूर झालं. पण आज प्रत्येकाच्या हातात असलेला उपाय जुनाच आहे. वजन ७ ते १० टक्के कमी केलं तर यकृताची सूज उतरते, आणि त्याहून जास्त उतरलं तर अनेकांचे व्रणही मागे हटतात. ८० किलोच्या माणसासाठी म्हणजे साधारण सहा ते आठ किलो. आपण पिढ्यानपिढ्या माळव्यात राहिलो, दाल-बाफले आणि सकाळचे पोहे-जिलबी आपलेसे केले. ते सोडा असं मी म्हणणार नाही, मलाही सुटत नाहीत. पण बाफल्यावरचं तूप आणि पोह्यांसोबतची जिलबी रोजची आहे की सणाची, हे ठरवता येतं.

मंडळातल्या प्रत्येक घराला माझी एक विनंती आहे. घरात चाळिशीच्या पुढचं कुणी असेल, मधुमेह असेल किंवा सोनोग्राफीच्या कागदावर 'फॅटी' हा शब्द असेल, तर जुनी फाइल काढा. एकाच दिवशीचे सीबीसी आणि लिव्हरचे आकडे शोधा. शाळेत जाणाऱ्या नातवाला वर्गमूळ काढायला सांगा. आलेलं उत्तर रिपोर्टच्या मागे तारखेसह लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी आपल्या डॉक्टरांसमोर तो कागद उलटा करून ठेवा.